पत्ती काढलेलं क्लॅरनेट

वाजवण्याआधी मास्तर क्लॅरनेटची पत्ती जिभेवर भिजवत ठेवत. वेताची ती पातळ चीप तोंडात असताना ते कुणाशी बोलत नसत. कुणी घाई केलीच, तर पंजा दाखवून थांबवत. पत्ती बसली, की म्हणत, "खालच्या सुरातून घेतो, भाऊ."

देवळी गावात माझी बँड पार्टी आहे. एखाद्या वरातीत तुम्ही मास्तरांना पाहिलंही असेल. पहिल्या रांगेत डावीकडे, उंच, जरा वाकलेले. ट्रम्पेट साऱ्या गावाला ऐकू जातो, सनई मांडव सोडत नाही. क्लॅरनेटचे खालचे सूर मात्र रडू आवरत बोलणाऱ्या बाईसारखे येतात. बिदाईला, नवरी सासरी निघताना, मास्तर त्या सुरांतच रेंगाळत. एकदा नवरदेव वैतागला, "मास्तर, रडवून राह्यले तुम्ही तिले!"

"रडू द्या, जवाई. उद्यापासून तुमची पाळी."

मग मी गाडीवर भोंगे आणि कीबोर्ड चढवला. त्यात क्लॅरनेटचाही आवाज होता. दोघांचे सूर भांडू लागले. मी मास्तरांना सांगितलं, "तुम्ही नुसतं तोंडाले लावा. बोटं हालवा." तरी सवयीनं फुंकलं जाईच. शेवटी जाम गावच्या एका लग्नात मी स्वतः पत्ती काढून माझ्या खिशात टाकली. "तुमच्या छातीले आराम," म्हणालो. खोटं होतं ते. मला भांडण नको होतं, एवढंच.

ऐन बिदाईत जनरेटर बंद पडला, भोंगे आणि कीबोर्ड थांबले. सगळे मास्तरांकडे पाहू लागले. त्यांची बोटं अचूक चालत होती, गाल फुगत होते. आवाज नाही.

"मास्तर, हवा गेली काय?" कुणीतरी ओरडलं. मांडव हसला. नवरीचा बाप पुढं आला. "काऊन हो, माह्या पोरीच्या बिदाईची मजाक करून राह्यले?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा खिशातली पत्ती काढून दिली असती, तरी निभावलं असतं. मी जनरेटरची दोरी ओढत राहिलो.

"माहीच चूक, भाऊ," ते त्या बापाला म्हणाले. "पत्ती घरी राह्यली."

ते परत आले नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही. ते गेल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही पुलगावला वरातीत होतो. मी वरात थांबवली नाही.

त्यांच्या जागी आता दुसरा माणूस पत्ती नसलेलं क्लॅरनेट धरून उभा असतो. त्याला एकही सूर येत नाही. बोटं कुठंही हालतात. हा खरंच वाजवतो का, ते अजून कुणी विचारलेलं नाही.