दोरीवरची जागा

रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी ओढताना तळहात फाटला, तर ती काही बातमी नव्हे. तोंडवलीच्या किनाऱ्यावर कुणाचा ना कुणाचा फाटतोच. तो वाळूत हात पुसतो आणि पुन्हा ओढायला लागतो. माझा फाटला तेव्हा मात्र माझ्या पुढचा आणि मागचा, दोघंही दोरी सोडून बाजूला झाले. गावाला सगळं ठाऊक होतं. नवरा एचआयव्हीनं गेला आणि त्याच्याकडून तो मला आला, हे मी कधी लपवलं नव्हतं. लपवायचं कशाला? मी काय कुणाची जाळी चोरली होती?

नवऱ्यामागे त्याची दोरीवरची जागा मी घेतली होती. बाई कशाला दोरीला, म्हणून कुरकुर झाली, पण मी ती कानाआड केली. रक्ताच्या त्या दिवशी मात्र तांडेलांनी, म्हणजे रापणीच्या म्होरक्यांनी, मला घरी जायला सांगितलं. ते माझे चुलत सासरे. वाईट काही बोलले नाहीत. आता येऊ नको, तुझा वाटा घरपोच येईल, इतकंच म्हणाले. आणि तो त्याच दुपारी आला. पाटीभर निवडून काढलेले, एकसारखे, मोठे मोठे बांगडे. दोरी ओढणाऱ्याला असा वाटा कधी मिळत नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणी गेलं की शेजारी जेवण पाठवतात, तसे ते बांगडे दारात आले होते, आणि मी तर धडधाकट उभी होते.

सासू पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही भीक माझ्या चुलीर चढूची नाय." पाटी डोक्यावर घेऊन ती निघालीसुद्धा. मी मागोमाग.

तांडेल माडाखाली चार-पाच जणांबरोबर जाळं सांधत बसले होते. सासूनं पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि मला म्हणाली, आता सांग यांना. मी सांगितलं.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मला हा रोग चित्र काढून समजावला होता. त्यात किल्ला होता, सैनिक होते. आमचा किल्ला समुद्रात उभा आहे, पण सैनिक कुणी बघितलेत? मी मनातल्या मनात तिथे रापण टाकली होती, तीच यांच्यापुढे मांडली. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या रोगाला घेरतात. ती झाली दोरीवरची माणसं. पण त्यांच्यातल्या काही पेशी तांडेलाचं काम करतात. रोग आला की बाकीच्यांना हाक देतात. हा विषाणू नेमका त्यांनाच गाठतो. अशा पेशीच्या अंगावर कडीसारखं काही असतं, तिला तो चिकटतो, आत शिरतो आणि पेशीच्या आतल्या मजकुरात आपला मजकूर शिवून टाकतो. मग ती बिचारी आपलं काम सोडून त्याचीच पिल्लं काढत बसते आणि शेवटी मरते. पिल्लं पुढच्या तांडेलाला धरतात. वर्षानुवर्षं हे चालतं आणि माणूस वरून ठणठणीत दिसतो.

"काकांनू," मी म्हटलं, "दोरीर माणसां उभी आसत, पण तुमचो आवाजच बंद झालो, तर मासो गावतलो?"

त्यांनी नकळत मान हलवली. नाही. मग मी म्हटलं, माझा नवरा क्षयानं गेला असं कागद म्हणतो, पण त्याच्या अंगातले तांडेल कधीच गेले होते. क्षयाला नुसतं जाळ्याखालून निघायचं होतं.

मी रोज गोळी घेते, तेही सांगितलं. तो दडून बसलेला विषाणू अंगातून जात नाही, पण गोळी त्याला नवी पिल्लं काढू देत नाही, म्हणून माझे तांडेल पुन्हा उभे राहिलेत. आता तपासणीतसुद्धा तो सापडत नाही. आणि जिवंत पेशीबाहेर त्याचा फार टिकाव नाही. दोरीवरून, धड कातडीतून तो कुणाला होत नाही. फाटलेला हात मी बांधून येईन. खरं तर सगळ्यांनीच बांधावा, उघड्या जखमेला कुणाचंच रक्त लागू नये.

तांडेलांनी एकच विचारलं. "आणि गोळी सोडलंस तर?"

"तर तो परत उठतलो. म्हणान तर सोडूक नाय."

ते पुन्हा जाळं सांधायला लागले. सासूनं बांगडे तिथेच ओतले आणि रिकामी पाटी उचलली. त्या दिवशी आम्ही दोघींनी कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. काय गोड लागला म्हणून सांगू! ज्या बाईचा मुलगा गेला, ती माझ्यासाठी अख्ख्या रापणीसमोर उभी राहिली होती.

सकाळी हात फडक्यानं बांधून मी किनाऱ्यावर गेले, पण लांबच उभी राहिले. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? होडी जाळं सोडून आली होती. दोन्ही दोऱ्या ओढणं चालू होतं आणि अलीकडची बाजू मागे पडत होती. तांडेल एकेकाचा उद्धार करत धावत होते. धावता धावता त्यांची नजर माझ्यावर पडली.

"गो, थंय उभी रवान काय बघतंस? दोरी तुझो बापूस ओढतलो?"

सगळ्या किनाऱ्यानं ऐकलं. तांडेल परक्याला कधी शिव्या देत नाहीत, त्या फक्त दोरीवरच्यांना. मी धावत सुटले. काल बाजूला झालेल्यांतला एक जण दोन पावलं पुढे सरकला आणि त्याच्यामागे माझ्यापुरती जागा झाली. मी दोरी धरली.

माझा वाटा मी स्वतः डोक्यावरून घरी आणला. बारीक पेडवे, दोन कुर्ल्या आणि शेवाळ. सासू दारातच मासे साफ करायला बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात कुरकुरू लागली, हा काय वाटा झाला, एक धड मासा नाही. वाटेनं जाणारी शेजारीण थांबली आणि म्हणाली, आमच्याकडेही असलेच आलेत. ते ऐकून सासूनं खुशीत आवाज आणखी चढवला.