मसाजीची परत गेलेली बैलगाडी

वसराम,

तू वारलास त्याला पंधरा दिवस झाले आणि मला कळलं काल. आता चिडून काय उपयोग? लिहिते.

रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या तुम्हा गँगमन लोकांना प्रथमोपचार शिकवायला मला बोलावलं ते १९९९ साली. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. बाकीचे वर्गात पेंगायचे. तू चौथी पास, पण पुढे बसायचास. घरी जुनं धोतर फाडून बायकोच्या धडधाकट पायाला पट्ट्या बांधून पाहायचास. तुझ्या टोळीतला भीमसिंग म्हणायचा, "वसराम आता रुळालाबी पट्टी बांधंल." तू हसायचास, हातातली पट्टी मात्र सोडायचा नाहीस.

फळ्यावर मी लिहिलं होतं: कंबरेला, पाठीला मार असेल तर माणसाला हलवू नका, स्ट्रेचर येईपर्यंत थांबा. तुम्हा सगळ्यांकडून ते तीनदा मोठ्यानं म्हणवून घेतलं.

दोन वर्षांनी, भर दुपारी, रुळावरची शेळी हाकलताना सिंधूबाईला रेल्वेगाडीनं उडवलं. सगळ्यांआधी तू पोचलास. कंबर मोडलेली, मांडीतून रक्त. तू पट्टी दाबून धरलीस. तिचा नवरा मसाजी कडबा अंथरून बैलगाडी घेऊन आला, तर तू हात आडवा घातलास.

"मामा, हलवू नका. स्ट्रेचर येऊन राहिलं."

त्यानं तुझं ऐकलं. बैलगाडी परत गेली. स्ट्रेचर सात किलोमीटरवरच्या स्टेशनात, कपाटात कुलूपबंद. किल्ली ज्याच्याकडे, तो वसमतला गेलेला. आलं अडीच तासांनी. सिंधूबाई त्याआधीच गेली होती. तुझा हात पट्टीवरच होता म्हणतात.

गावानं ठरवलं, वसरामनं बाई मारली. तू माझ्या ओट्यावर येऊन बसलास, चहाला हात लावला नाहीस.

"बाई, किती वेळ थांबायचं ते तुमी सांगितलंच न्हाई."

नव्हतंच सांगितलं. माझ्या पुस्तकात स्ट्रेचर वेळेवर यायचं. बैलगाडीतून ती वाचली असती का, मला ठाऊक नाही. निदान दवाखान्याच्या वाटेला तरी लागली असती.

"मसाजीमामा माझ्याशी बोलून न्हाई राहिले. तुमी संगं या अन् एवढंच सांगा, की हे तुमीच शिकवलं व्हतं."

"येते. पेपर तपासून होऊ देत."

पेपर आठ दिवसांत झाले. नंतर तू एसटी स्टँडवर दोनदा भेटलास. विचारलं काही नाहीस, नुसता उभा राहिलास. मीच घाईचं सोंग केलं. मग रूळ रुंद करायचं काम निघालं आणि तुझी बदली झाली.

मसाजी अजून आहे. औंढ्याची बस त्याच्या फाट्यावर थांबते. मी आजवर तिथे उतरलेले नाही.