एक पुडी, एक ग्लास

"मॅडम, सलाईन जोरात सोडा ना," बाळाचा बाप पुन्हा म्हणाला.

"नाही सोडायचं. बसा तिकडे."

आठ महिन्यांचं बाळ, भर मे महिन्यातले जुलाब आणि वर झटके. रिपोर्टमध्ये सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, भलतंच वाढलेलं. ते घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येते आणि बाळ हातचं जातं. म्हणून सलाईन हळू. हे समजावून माझा घसा बसला होता.

पण मीठ एवढं चढलं कसं?

"घरी काय पाजलंत?"

"ओआरएस. तुमच्याच ओपीडीतलं." बाप मूळचा नामपूरचा, अंबडला एका फाउंड्रीत भट्टीवर कामाला. आपण सगळं नीट केलं, अशी त्याची खात्री.

"किती पाण्यात?"

"एक ग्लास."

मी कपाळावर हात मारला. आमची पुडी एक लिटर पाण्याची. पुडीवर छापलंय, सिस्टर सांगतात, भिंतीवर चित्र लावलंय. आता काय दवंडी पिटायची?

"अहो, ग्लासात कोणी सांगितलं?"

"कंपनीत उन्हाळ्यात वाटतात ना पुड्या. एक पुडी, एक ग्लास. लय तरतरी येते."

कंपनीतल्या त्या पुड्या छोट्या, एका ग्लासाच्याच. "ही मोठी आहे, दिसलं नाही?"

"दिसलं की. म्हटलं, दवाखान्याची हाय, जास्त पावरची असंल."

मी उठून बाळाकडे गेले.

बाळ वाचलं. झटके थांबले, अंगावर प्यायला लागलं. डिस्चार्जच्या दिवशी बापाला लिटरची बाटली आणायला लावली आणि माझ्यासमोर पुडी कालवायला लावली. त्याने चव घेतली.

"एवढं पातळ?"

"एवढंच."

बाटलीला झाकण लावून तो तसाच उभा राहिला. "मॅडम, मागच्या उन्हाळ्यात शेजारची पोरगी जुलाबानं गेली. तिलाबी असल्याच पुडीचं पाणी मीच कालवून द्यायचो. ग्लासात."

त्याला झापायला उघडलेलं तोंड मी मिटलं. ती कशाने गेली हे आता कोणीच सांगू शकत नाही, एवढंच त्याला म्हणाले. खरंही तेच होतं. पण त्याने काही मान वर केली नाही.

तेव्हापासून पुडी देताना 'समजलं का?' असं मी विचारत नाही. माना सगळेच हलवतात. बाटली आणा, इथे कालवून दाखवा, मग घरी जा. ओपीडीची लाईन लांबते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.