खुरसाकडचं ‘व्हय म्हाराजा’

बायको गेल्यावर जामसंड्याचं भाड्याचं घर सोडलं आणि मालवणजवळच्या एका वाडीत टीचभर जागा घेऊन राहायला आलो. मुलगा बंगळुरात. त्याचं म्हणणं, समुद्र आहे, मासे आहेत, बाबा रमतील. समुद्र होता, मासेही होते. बोलायला कोणी नव्हतं.

वाडी सगळी ख्रिश्चनांची. माझ्या जागेच्या कोपऱ्यात त्यांचा चुन्याने रंगवलेला जुना खुरीस, म्हणजे क्रूस. हा नवा माणूस एक दिवस तो हलवायला लावणार, अशी त्यांना धास्ती. मला मात्र कोणी विचारलं नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं कसं? दुकानात शिरलो की मालवणीतल्या गजाली थांबत आणि माझ्याशी कचेरीतली मराठी सुरू होई. अहो, मीही ‘माका-तुका’वरच वाढलेला! एकदा मुद्दाम म्हटलं, “एक नारळ दी रे.” दुकानदार म्हणाला, “कोणत्या आकाराचा देऊ आपल्याला?”

मे महिन्यात खुरसाकडे लदीन असते, वाडीची सामुदायिक प्रार्थना. दोघे जण विचारायला आले, “आपली हरकत नाही ना?”

“हरकत कसली? मीपण येतो!” हा माझा उत्साह. इस्त्रीचा शर्ट घालून पुढेच जाऊन उभा राहिलो. एक गृहस्थ चष्मा लावून एकेक मागणं वाचत होते आणि प्रत्येक मागण्याला सगळे म्हणत होते, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” आता आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा दर मागण्याला सगळ्यांनी ठणकावून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. आयुष्यात तेवढं एक काम मी चोख करत आलोय. “दूर गेलेल्या आमच्या मुलांना सांभाळ,” असं ते वाचू लागले. मला मुलगा आठवला, डोळे मिटले गेले, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

मेणबत्त्या तेवढ्या हलत होत्या. शेवटी वाटतात ते उकडलेले चणे न घेताच मी घर गाठलं.

सकाळी शेजारच्या टीचर कुंपणापाशी हजर. निवृत्त शिक्षिका, एकट्या; वाडी त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

“काल आपण आमच्या प्रार्थनेची चेष्टा केलीत का?”

इथे शहाण्या माणसाने माफी मागितली असती. मी गोष्ट सांगू लागलो. कचेरीत साहेब नव्या वर्षातली कामं एकेक करून वाचत होते, मला डुलकी लागलेली, आणि तिथेही मी असाच ओरडलो होतो.

टीचरांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. पण म्हणाल्या, “मगे?”

मग काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं; पण त्या वाडीत मला मिळालेला हा पहिला मालवणी शब्द.

“मगे काय, टीचर! सगळी कामा माझ्याच गळ्यात!”

टीचर कुंपण धरून हसल्या. “मेल्या, आता माझी ऐक.” तरुणपणी त्या आतल्या गावात शिकवायला होत्या. तिथे सत्यनारायणाला बोलावणं आलं. भटजी प्रसाद घेऊन पुढे आले. “आमच्यात फादर परसाद जिभेर ठेवता. मी आपला गुडघ्यार बसलंय, डोळे मिटलेले, जीभ भायर! भटाक वाटला, ह्यां माका वेडावता!”

“मगे?” आता मी.

“त्या घरच्या म्हातारेन शिरो उचलल्यान नि माझ्या जिभेर ठेवल्यान.”

त्यानंतर रोज संध्याकाळी कुंपणापाशी आमची फजित्यांची देवाणघेवाण. माझा साठा मोठा. एकदा त्यांनी मधेच विचारलं, “खुरीस हलवतलंस?”

“टीचर, तो गेलो तर माझ्या कोपऱ्यात मेणबत्ती लावूक कोण येतला?”

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, “नारळ व्हयो?” आकार विचारला नाही. रस्त्यात लोक लांबून “व्हय म्हाराजा!” ओरडू लागले. मीही हात वर करून आशीर्वाद देऊ लागलो.

पावसाळ्यानंतर टीचरांची तब्येत ढासळली. मुलगी त्यांना गोव्याला घेऊन गेली. फोन केला तर मुलगी म्हणाली, आई आता कुणाला ओळखत नाही.

यंदाच्या लदिनीला मला निरोप आला तो मालवणीत. उभा राहिलो, या खेपेला मागे. चष्मेवाल्या गृहस्थांनी वाचलं, “हे प्रभू, आमच्या टीचरला बरं कर.” नेहमीचं उत्तर कोणी दिलं नाही. माना वळल्या, माझ्याकडे. इतरांच्या सभेत न विचारता ओरडणारा मी, विचारल्यावर मात्र निघाला तो आवाज मांजराचा.

“व्हय म्हाराजा.”

कोणी हसलं नाही. मग सगळे म्हणाले, “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.”

चण्यांची पुडी घेऊन कुंपणापाशी आलो. पलीकडे दाराला कुलूप. “टीचर, आज काय झाला म्हायत आसा?” म्हणालो, आणि सवयीने थांबलो. दोन-चार चणे खाल्ले. ‘मगे’ कुणी म्हटलं नाही, तेव्हा पुढचं सांगायचं तसंच राहिलं.