चौकट बसली पाहिजे

पाहुणा म्हणून कोणाकडे गेलं की माणसं आधी पाणी मागतात. माझे धाकटे दीर आधी फोन मागतात. स्वतःचा घरी राहिला म्हणून नव्हे, समोरच्याचा बघायला. पारोळ्यापासून सावद्यापर्यंत आमच्या नात्यागोत्यात असं एक माणूस उरलं नसेल, ज्याचा फोन भाऊजींनी हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन, आडवा-उभा करून बघितलेला नाही. लोकांना वाटतं, भलताच चौकस माणूस, आपले फोटो-बिटो चाळत असेल. फोटोंशी त्यांना काडीचं देणंघेणं नाही. फोन उजळल्यावर पहिलं पान दिसतं ना, घड्याळाचं आणि चित्रांचं, तेवढंच ते बघतात. त्या पानावर बोट फिरवून आडवी घरं किती, उभी किती, हे मोजतात, "हं" म्हणतात आणि फोन परत देतात. तो "हं" समाधानाचा की काळजीचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

भाऊजी जळगावात आमच्याच घरी राहतात आणि वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतात. पण सगळा जीव अडकलाय तो त्यांच्या स्वतःच्या एका ॲपमध्ये. शेतातल्या मोटरीला लागणारी लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. त्या वेळा हे ॲप सांगतं. ॲप उघडायचीसुद्धा गरज नाही. फोनच्या पहिल्याच पानावर एक चौकट बसवायची, तिच्यात आजची वेळ आपोआप दिसते. त्या चौकटीला ते विजेट म्हणतात. म्हटलं तर दोन ओळींचं काम. पण त्या दोन ओळींनी या माणसाचं ऐन उमेदीचं वय खाल्लं. कारण कोणाच्या फोनवर उभी पाच घरं असतात, कोणाच्या सहा. जुन्या सिस्टिमवर चौकटीचं माप एका रीतीने धरतात, नव्या सिस्टिमवर दुसऱ्या. नव्यात तर कोपरेच गोल करून टाकलेत आणि ते गोल कोपरे ओळीचं पहिलं अक्षर खातात. त्यातून आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलेलं, म्हणजे खालची ओळ चौकटीबाहेरच ढकलली जाते. मी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे माप चुकलं की काय होतं ते मला सांगायला नको. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, तुम्ही एकच ब्लाउज शिवताय आणि तो अख्ख्या खान्देशातल्या बायकांना बसला पाहिजे म्हणताय." त्यांनी यावर खरोखर विचार केला. मग गंभीरपणे म्हणाले, "त्याहून अवघड आहे, वहिनी. तुमच्या बायका झोपेत अपडेट होत नाहीत."

मापं घ्यायला त्यांच्याकडे जुन्या फोनांनी भरलेली एक पिशवी आहे. पिशवी माझी, भाजीची. त्यात काच तडकलेले, बटण तुटलेले, पाठ नसलेले असे नाना तऱ्हेचे फोन आहेत आणि प्रत्येकावर वेगळी सिस्टिम. एकदा घाईघाईत मी तीच पिशवी उचलून बाजारात गेले. भरताची वांगी निवडून पिशवी पसरली, तर आत हे सगळे दिवंगत. वांगेवाली माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, इकासाठे आणात का?" विकायला आणलेत का, असं तिने हळूच विचारलं. मी वांगी फोनांवर ओतून घेतली आणि घरी आले. भाऊजींनी एकेक फोन फडक्याने पुसला, एकही शब्द रागाचा बोलले नाहीत, फक्त एका फोनच्या काचेवरचा देठाचा ओरखडा दाखवून म्हणाले, "याच्यावर चौकट फार छान बसायची हो."

भाऊजींचं लग्न जमवायला आम्ही धुळ्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट तर मी माहेरी अजून सांगितलेली नाही, कारण ते स्थळ माझ्याच माहेरच्या ओळखीतलं. मुलगी शिकलेली, हसतमुख, चहा घेऊन आली. मोठी माणसं म्हणाली, तुम्हा दोघांना काही विचारायचं असेल तर विचारा. भाऊजींनी विचारलं, "तुमचा फोन कुठल्या सिस्टिमवर आहे?" ती बिचारी म्हणाली, "जुना आहे. आता त्याला अपडेट येत नाही." हे ऐकून भाऊजींचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, जमलं. त्यांनी तो फोन मागून घेतला आणि चहा निवून पार साय धरेपर्यंत त्यातच डोकं घालून बसले. मुलीचे वडील माझ्याकडे बघतायत, मी आमच्या ह्यांच्याकडे, हे छताकडे. दोन दिवसांनी त्यांचा नकार आला. मी चिडून म्हटलं, "अहो, मुलगी बघायला गेलो होतो आपण." तर म्हणतात, "पण वहिनी, तिच्या फोनवर खालची ओळ कापली जात होती, ते कळलं नसतं." अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

घरात अपडेटचं बटण दाबायला सगळ्यांना बंदी आहे. मी एकदा चुकून दाबलं, तर त्यांनी जेवण सोडून माझा फोन घेतला आणि अर्ध्या तासाने खाली येऊन म्हणाले, "फार उपकार झाले, नवीनच चूक सापडली." जेवायला बसले की ताटाचीही घरं पाडतात. भरीत इथे, ठेचा तिथे, मध्ये भाकरीसाठी रिकामी जागा. सासूबाई गावाहून आल्या की मात्र हा सगळा बेत कोसळतो. त्यांची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी ताटाहून मोठी असते आणि ती त्या सरळ भरतावरच ठेवतात. भाऊजी कडा दुमडून बघतात, मग निमूट जेवतात. आईपुढे कोणाचं माप चालतं?

आता हे सगळं वेड आलं कुठून, ते सांगते. माझे सासरे, म्हणजे नाना, पारोळ्याच्या अलीकडे आमच्या गावी राहतात आणि शेती बघतात. नाना फोनमधलं कुठलंही ॲप कधी उघडत नाहीत. बंडीच्या खिशातून फोन काढायचा, बटण दाबून उजळवायचा, पहिल्या पानावर काय आहे ते बघायचं आणि परत खिशात. लाईटच्या वेळा गावच्या ग्रुपवर येतात, पण फुलांच्या आणि देवांच्या फोटोंखाली त्या अशा गाडल्या जातात की सापडेपर्यंत लाईट येऊन जाते. म्हणून भाऊजींनी ती चौकट केली, ती मुळात एकट्या नानांसाठी. बापलेकांचं बोलणं जेमतेम. फोनवर तर नाना "बरा शे का?" विचारतात, भाऊजी "हां" म्हणतात, लगेच पलीकडून "ले, मायजोडे बोल" आणि फोन सासूबाईंकडे. त्यात लेक दिवसभर बसून काय करतो हे नानांना कधी पटलं नव्हतं. "चौकटी आखस," असं ते गावात सांगायचे. त्यामुळे भाऊजींना एवढंच हवं होतं की ती एक चौकट तरी नानांना खरी वाटावी, त्यांनी तिच्यावर विसंबावं.

आणि नेमकी तीच फसली. तेव्हा चौकटीत वर वेळ असायची आणि खाली "दिवसा" किंवा "रात्री". एका आठवड्याची पाळी बदलायच्या आदल्या दिवशी नानांचा फोन आपल्याआपण अपडेट झाला. चौकट आखडली, खालची ओळ दिसेनाशी झाली. नानांना फक्त "१० ते ६" दिसलं. लाईट रात्रीची होती. नाना सकाळी दहाला विहिरीवर जाऊन बसले ते उन्हं उतरेपर्यंत तिथेच. चैत्राचं ऊन, वर सावली म्हणजे एक निंब. लेकाने केलेल्या चौकटीत आहे म्हणजे लाईट येईलच, असं धरून बसले. घरी आले, पाणी प्यायले. मला सासूबाईंनी फोनवर सांगितलं आणि मी वर जाऊन भाऊजींना सांगितलं. ते खुर्चीतून उठले नाहीत, हललेही नाहीत. मला वाटलं, या माणसाला आता रडू येणार. त्याच दिवसापासून ती पिशवी भरायला लागली.

त्यांनी "दिवसा-रात्री"ची ओळ उचलून सगळ्यात वर घेतली, शेजारी सूर्य नाहीतर चंद्र काढला, वेळ खाली आणली. गावी जाऊन नानांच्या फोनचं अपडेट कायमचं बंद केलं, आहे त्या सिस्टिमवर चौकट पुन्हा नीट बसवून दिली. नाना बघत होते. पटलं की नाही, हे विचारायची भाऊजींची छाती झाली नाही.

मग बरीच वर्षं गेली. आमच्या ह्यांनी नानांना नवा फोन घेतला. मोठा, छान. नानांनी तो हातात घेतला, पालथा केला आणि विचारलं, "यानावर तो डबा बठ्ठा दिसस का?" चौकटीला ते डबा म्हणतात, आणि बठ्ठा म्हणजे सगळा. भाऊजी म्हणाले, "दिसस ना नाना, चांगला मोठा दिसस." यावर नानांनी आपला जुना फोन खिशातून काढून उजळवला, आम्हाला दाखवला. "आठे बी बठ्ठा दिसस. मंग ऱ्हाऊ दे." नवा फोन सासूबाईंना मिळाला. भाऊजी गाडीत जळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते आणि मधूनच हसत होते. चौकट बसली होती.

आता गंमत अशी की त्या जुन्या सिस्टिमवर हे ॲप वापरणारा सगळ्या खान्देशात एकच माणूस राहिलाय. भाऊजींच्या लॅपटॉपवर ते दिसतं. कुठल्या सिस्टिमवर आज किती फोनांनी वेळ मागितली, त्याच्या ओळी असतात आणि सगळ्यात खालच्या ओळीत "एक" असतो. तो म्हणजे नाना. फोन उजळवला की चौकट ताजी वेळ मागते आणि इकडे तो "एक" उमटतो. त्या एकासाठी भाऊजी प्रत्येक वेळी जुन्या सिस्टिमचं माप वेगळं सांभाळतात. त्यांचे मित्र हसतात, सोडून दे म्हणतात. भाऊजी सोडत नाहीत. सकाळी चहाचा कप घेऊन आधी खालची ओळ बघायची, "एक" दिसला की पहिला घोट घ्यायचा, असा नेम झालाय. मी म्हणते, वडिलांना फोन करावा की सरळ. पण फोन केला तर "ले, मायजोडे बोल."

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो "एक" उमटलाच नाही. भाऊजी कप धरून बसून राहिले. नऊ वाजले, दहा वाजले. नानांचा फोन बंद लागला. सासूबाई उचलेनात. आमचे हे परगावी. भाऊजी चपला घालून जिन्यावरून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मीही मशीनवरचं शिवण तसंच टाकलं आणि त्यांच्यामागे निघाले. एसटीने एरंडोल ओलांडल्यावर ते म्हणाले, "वहिनी, बॅटरी संपली असेल." मी म्हटलं, "तेच असेल." दोघांच्याही मनात दुसरंच होतं.

घरी पोचलो तर नाना ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. सासूबाई वावरात, त्यांचा फोन आत उशाखाली. नानांचा फोन शेजारी पडलेला, आतली बॅटरी फुगून पाठ वर आलेली. नानांनी मान वर केली. "काय व्हयनं? आठे कसा ऊना?"

भाऊजी म्हणाले, "तुमना डबा बंद दिसना."

"तुले तठे दिसस?" नानांचा हात शेंगेवर थांबला.

"दिसस. तुम्ही दखा की माले दिसस."

नाना सुपातल्या शेंगा पुढे सरकवून म्हणाले, "बस. जेवीसन जा." भाऊजी बसले आणि बापलेक शेंगा सोलत राहिले. संध्याकाळी पारोळ्याला नेऊन नवी बॅटरी घातली. दुकानदार म्हणाला, हा फोन आता फार दिवसांचा सोबती नाही. भाऊजींनी ऐकलं न ऐकलंसं केलं, पण मला ते लागलं. फोन नवा घेता येतो. बाकीचं काय?

या पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस बरा झाला. विहिरीवरची मोटर बंदच आहे, लाईट दिवसा आली काय अन् रात्री आली काय, नानांना तिचं काही काम नाही. तरी खालच्या ओळीत रोज सकाळी "एक" उमटतो. सासूबाई मला फोनवर सांगत होत्या, "मोटर बंद शे, तरी बी उठात की पयले तो डबा दखतस. काय दखतस कोन जाने."

काल सकाळी भाऊजी लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "वहिनी, पावसाळ्यात नानांना लाईटची वेळ कशाला लागते हो? चौकटीत काही चुकतंय का, बघायला पाहिजे."

"काही चुकत नाहीये," मी म्हटलं. "चहा प्या, निवतोय."