अर्जाची पोच

घनसावंगीच्या कचेरीबाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारे एक म्हातारे चाचा बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या गावच्या ओढ्यावर पूल नव्हता. ओढ्याला पाणी आलं की पोरींची शाळा बुडायची, म्हणून मी अर्ज लिहून घ्यायला गेले होते. प्रत्येक ओळ कागदावर उतरवण्याआधी ते ती हळू आवाजात म्हणून बघायचे.

अर्ज आत देऊन मी निघाले, तर त्यांनी हाक मारली.

"ताई, पोच कुठंय?"

"राहू द्या चाचा, दिलाय कारकुनाकडे."

"बिलकुल न्हाई. शिक्का घेऊन या." मग चष्मा पुसत म्हणाले, "आमचे परदादा अरबस्तानातल्या एका सुलतानाचे पोरगे. सुलतानाची गादी गेली, मंग ते अन् त्यांचे भाऊ, दोघं निजामाच्या मुलखात आल्ते. गादी परत घ्यायला फौज द्या, असे अर्ज इंग्रज सरकारला मरेपर्यंत करत राह्यले. एकाचाबी जवाब न्हाई आला. अर्ज पोचले का, हेबी कळलं न्हाई."

मी आत जाऊन शिक्का घेऊन आले.

ती पोच दाखवत मी चार महिने कचेरीत खेटे घातले. दिवाळीनंतर पूल मंजूर झाल्याचं पत्र आलं. ते घेऊन आधी चाचांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"ताई, एक दिवस ठिवू का? आमच्या घरात सरकारचा जवाब कुणी बघितला न्हाई."

मी पत्र त्यांच्याकडेच राहू दिलं. परत मागायला अजून गेले नाही. पुलाचे खांब आता उभे राहिलेत.