अप्पांच्या ताटातलं पाणी

आज सुती साडीसाठी खळ शिजवली. चमच्यावरून ओघळणारी ती बुळबुळीत तार बघितली आणि तोंड फिरवलं. बारा वर्षं झाली, किळस काही जात नाही.

पक्षाघातानंतर माझ्या वडिलांना, अप्पांना, पातळ काही गिळता येईना. पाण्याच्या घोटानंही ठसका लागून डोळे पांढरे व्हायचे. म्हणून दवाखान्यातून दिलेली पावडर घालून आम्ही त्यांचं पाणी, चहा, सगळं घट्ट करायचो. पण आमच्या घरात अन्न म्हणजे प्रसाद. जेवण झालं की ताट धुऊन ते पाणीही प्यायचं. आमच्या गावी, जनवाड्यात, अप्पांनी ते एक दिवस चुकवलं नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी ताटाकडे बोट केलं. मी ताटात पाणी ओतलं, पावडर टाकून ढवळलं. वरणाचा पिवळट, शेंबडासारखा लगदा झाला, त्यात भाताची शितं. हे खायचं का भिंतीला फासायचं? अप्पांनी मात्र दोन चमचे मुकाट गिळले.

"बास, होईना मला. राहिलेलं तू घे, अक्का. टाकू नको." लेक असले तरी ते मला अक्काच म्हणायचे.

मी आत गेले आणि सगळं मोरीत ओतलं. ते खाली सरकेना, म्हणून बोटांनी ढकललं.

"घेतलंस व्हय?" अप्पांनी विचारलं.

"व्हय, अप्पा."

ते वाकड्या तोंडानं हसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझी बोटं तेव्हाही पदराआड चिकटच होती.